सगळे परतल्यावर येणारी माणसं

घरात कुणी गेलं की पहिले काही दिवस दार बंदच होत नाही. नातलग येतात, शेजारी डबे पोहोचवतात, मंडळीतले लोक गीतं म्हणून, प्रार्थना करून जातात, पाळकसाहेब दोन-तीनदा फेरी मारतात. मग गावाहून आलेले परतीची गाडी पकडतात, शेजाऱ्यांकडे मुलांच्या परीक्षा सुरू होतात आणि फोन कमी होत जातात. साधारण याच सुमाराला दुःख घरात मुक्कामाला येतं. बँकेतले वारसाचे कागद, कपाटातले कपडे, दोघांच्या अंदाजाने शिजलेला भात, या सगळ्याला एकट्याने तोंड द्यायची वेळ तेव्हा येते.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरातली एक ख्रिस्ती संस्था गेली पन्नास वर्षं नेमक्या याच काळासाठी माणसं तयार करते आहे. तिचं नाव स्टीफन मिनिस्ट्रीज. तिच्या पद्धतीने शिकून तयार झालेल्या स्वयंसेवकाला स्टीफन मिनिस्टर म्हणतात. हा पाळक नसतो, समुपदेशक नसतो, पगारी तर नसतोच. शाळेत शिकवणारी बाई, निवृत्त परिचारिका, प्लंबर, हिशेबनीस असा मंडळीतला कुणीही. तो ५० तासांचं प्रशिक्षण घेतो आणि मग आपल्याच मंडळीतल्या एका, फक्त एका, दुःखी माणसाला आठवड्यातून एकदा तासभर भेटत राहतो. महिना, सहा महिने, गरज असेल तर वर्ष-दोन वर्षंही. हे स्वयंसेवक स्वतःला ‘नंतरची माणसं’ म्हणवतात. नको असलेला फोन येऊन गेल्यानंतरची, अंत्यविधीनंतरची, घटस्फोटाचा निकाल लागल्यानंतरची, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यानंतरची. जगात दयाळू माणसांची वाण कधीच नव्हती. पण दया वेळेवर, नेमाने आणि न थकता पोहोचावी यासाठी कुणी एवढी काटेकोर व्यवस्था उभी केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या कामाची सुरुवात १९७५ मध्ये झाली. केनेथ हॉक हे लुथरन पंथाचे पाळक आणि त्याच वेळी चिकित्सा-मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले मानसशास्त्रज्ञ. सेंट लुईसच्या एका मंडळीत सेवा करताना त्यांच्यापुढे तीच अडचण उभी राहिली जी प्रत्येक पाळकापुढे असते. इस्पितळात दोन माणसं, एका घरात मृत्यू, एका घरात नवरा-बायको वेगळे होण्याच्या बेतात, कुणाची नोकरी गेलेली, कुणी वृद्धाश्रमात एकटं. आणि पाळक एकच. त्याला रविवारचा उपदेशही तयार करायचा असतो. पवित्र शास्त्रात निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशेची अशीच गत झालेली दिसते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्यापुढे उभे, आणि सासरा इथ्रो त्याला बजावतो की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील, कामं वाटून दे. हॉक यांनी तेच केलं. मंडळीतल्या नऊ जणांना त्यांनी मानसशास्त्र आणि पाळकीय सेवा यांतलं जे सामान्य माणसाला पेलेल ते शिकवलं आणि एकेका घरी पाठवलं.

ही गोष्ट एका मंडळीपुरती राहिली असती. पण त्या नवांपैकी काहींनीच हॉक यांना गाठून सांगितलं की हे आपल्यापुरतं ठेवणं बरोबर नाही, इतर मंडळ्यांनाही मिळायला हवं. त्यातून संस्था झाली, शिकवण्याचं साहित्य छापलं गेलं आणि प्रशिक्षकांना प्रशिक्षण देण्याची पद्धत बसली. मंडळीने आपले दोन-चार जण आठवडाभराच्या वर्गाला पाठवायचे, त्यांनी ‘स्टीफन लीडर’ होऊन परत यायचं आणि घरच्या लोकांना शिकवायचं. बाहेरचा तज्ज्ञ कायमचा लागतच नाही. आज १३,००० हून जास्त मंडळ्यांनी ही सेवा स्वीकारली आहे. लुथरन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, कॅथलिक अशा दीडशेच्या वर पंथांच्या त्या आहेत आणि त्यांत तयार झालेल्या स्वयंसेवकांची संख्या पाच लाखांच्या पुढे गेली आहे. बाप्तिस्मा कसा द्यावा, प्रभुभोजनात नेमकं काय घडतं, यावर ज्यांचं शतकानुशतकं जमलं नाही, ते पंथ दुःखी माणसाजवळ कसं बसावं हे एकाच पुस्तकातून शिकतात.

नाव घेतलं ते स्तेफनाचं. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतली एक तक्रार नोंदलेली आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी मंडळीतूनच सात माणसं निवडायला सांगितली आणि त्यांच्यावर हात ठेवून ते काम सोपवलं. स्तेफन त्या सातांतला पहिला. पुढे तो दगडमार होऊन मेला आणि ख्रिस्ती धर्माचा पहिला हुतात्मा म्हणून त्याचंच नाव सर्वांच्या तोंडी राहिलं. मूळ नेमणूक मात्र वाट्याला न आलेल्या भाकरीची होती. पाळकाव्यतिरिक्त इतरांनीही मंडळीची काळजी वाहायची, हा विचार तिथून निघतो. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाची मांडणी करून त्याला धार दिली. म्हणून लुथरन पाळकाच्या हातून हे काम सुरू व्हावं यात मला योगायोग दिसत नाही.

आता ते ५० तास. बहुतेक ठिकाणी हे वर्ग आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, काही महिने चालतात. येणारा माणूस साधारणपणे या समजुतीने येतो की इथे आपल्याला चांगलं बोलायला शिकवतील. शिकवतात ते बोलणं आवरायला. भावना ओळखणं, त्यांना नाव देणं, ऐकणं, शांतता सहन करणं, ठामपणे पण न दुखावता बोलणं, मर्यादा सांभाळणं, गुप्तता पाळणं. मग विशिष्ट प्रसंग येतात : शोक, मरणासन्न माणूस आणि त्याचे घरचे, घटस्फोट, नैराश्य, इस्पितळातली भेट, गर्भपात किंवा बाळ दगावल्याचं दुःख, आत्महत्येचा विचार मनात असलेला माणूस. तिघा-तिघांचे गट करून सराव करतात. एकाने खरोखरची छोटीशी अडचण सांगायची, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. तिसरा निरीक्षण करतो आणि नंतर सांगतो, तू चौथ्या वाक्याला सल्ला दिलास.

सांत्वनाला गेल्यावर आपण काय बोलतो ते आठवून पाहावं. ‘निदान हाल तरी संपले.’ ‘निदान मुलं तरी मार्गी लागलीत.’ ‘देवाची इच्छा, त्यापुढे कुणाचं चालतं?’ ‘मला कळतंय तुम्हाला काय वाटत असेल.’ ‘आता तुम्हालाच खंबीर व्हायला हवं.’ यांतलं एकही वाक्य वाईट मनाने निघत नाही. तरी ‘निदान’ने सुरू झालेलं प्रत्येक वाक्य समोरच्याला सांगतं की तुझं दुःख तू समजतोस त्याहून लहान आहे. ‘खंबीर व्हा’ म्हणजे माझ्यासमोर रडू नका. हॉक यांनी पुढे दुःखातून गेलेल्या हजारो लोकांना विचारून त्यांना काय लागलं आणि काय उपयोगी पडलं याच्या नोंदी जमवल्या. त्यातून २००४ मध्ये त्यांचं दुःखी माणसाशी कसं वागावं यावरचं पुस्तक आलं. त्याचं नाव नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायातल्या एका वचनावर बेतलेलं आहे : खिन्न माणसापुढे गाणी गाऊ नका. त्यांची पत्नी जोन हिचं दीर्घ आजारपण आणि कर्करोगाने झालेला मृत्यू त्या पुस्तकामागे आहे. आयुष्यभर इतरांना दुःखाजवळ बसायला शिकवलेला माणूस स्वतः दुसऱ्या खुर्चीत बसून आला, म्हणून त्या पानांना वेगळं वजन आहे.

ऐकण्याच्या बाबतीत ईयोबाच्या मित्रांची गोष्ट ख्रिस्ती माणसाला ठाऊक असते, पण तिचा पूर्वार्ध आपण विसरतो. सगळं गमावलेल्या ईयोबाकडे ते तिघे आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तिथवर त्यांचं वागणं अगदी निर्दोष होतं. आठव्या दिवसापासून ते कारणं द्यायला लागले.

प्रशिक्षणातला मला सर्वांत कठीण वाटणारा धडा परिणामांबद्दलचा आहे. स्टीफन मिनिस्टरने समोरच्याला ‘बरं’ करायचं नसतं. त्याने यावं, ऐकावं, विश्वासूपणे सोबत राहावं. बरं करणं देवाकडे. हे कामातून अंग काढून घेणं नव्हे, फार शहाणी सोय आहे. जो माणूस निकालाच्या मागे लागतो तो घाई करतो, घाई करणारा सल्ला देतो, आणि सल्ला फुकट गेला की समोरच्यावरच चिडतो. निकालाचं ओझं खाली ठेवलं की ऐकणारा पन्नासाव्या आठवड्यालाही पहिल्या आठवड्याइतकाच धीराने बसू शकतो.

एक भेट कशी होते ती जवळून पाहू. साठीतला गृहस्थ, बायको जाऊन चार महिने झालेले. भेटायला येणाराही पुरुषच, कारण पुरुषांकडे पुरुष आणि स्त्रियांकडे स्त्री असा नियम आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी बेल वाजते. येणाऱ्याच्या हातात डबा नसतो. तो गवत कापून देत नाही, सामान आणून देत नाही. ती कामं मंडळीतले दुसरे लोक करतात. तो बसतो. ‘कसं चाललंय’ला ‘ठीक’ असंच उत्तर येतं, म्हणून तो विचारतो, ‘या आठवड्यात जड दिवस कोणता गेला?’ गृहस्थ हवापाण्याचं बोलतो, गाडीच्या दुरुस्तीचं बोलतो. मग गप्प होतो. पाहुणाही गप्प राहतो. ही शांतता मोडायची नाही, याचा त्याने सराव केलेला असतो. दोन मिनिटांनी तो माणूस म्हणतो, ‘काल तिचा चष्मा सापडला. गाडीच्या कप्प्यात.’ इथे ‘अरेरे’ म्हणून विषय बदलता आला असता. पाहुणा एवढंच विचारतो, ‘सापडला तेव्हा काय केलंत?’ आणि उरलेला वेळ तो माणूस बोलत राहतो. निघताना पाहुणा विचारतो, ‘आज प्रार्थना करू या का, आणि कशासाठी करू?’ नको म्हटलं तर नाही करायची. हो म्हटलं तर त्या प्रार्थनेत चष्मा येतो. आधीपासून तोंडपाठ असलेलं काही म्हणायचं नाही, त्या तासात जे निघालं तेच देवापुढे ठेवायचं, अशी शिकवण आहे. पुढच्या आठवड्याची वेळ ठरते आणि दार लागतं.

भेटून आलेला पाहुणा घरी जाऊन स्वतःच्या बायकोलाही सांगत नाही की तो कुणाकडे गेला होता. कोण कुणाला भेटतं हे पाळक आणि जोड्या लावणारे एक-दोघे यांनाच ठाऊक असतं. रविवारी उपासनेनंतर अंगणात दोघं समोरासमोर आले तरी इतरांना वाटावं, नुसती ओळख आहे. गुप्ततेला अपवाद एकाच प्रकारचा : माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठण्याची शक्यता असेल तर गप्प राहायचं नाही.

मग इतकं ऐकून घेणाऱ्याने आपलं मन कुठे मोकळं करायचं? माझ्या मते या सेवेचा खरा कणा इथे आहे, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो दिसत नाही. महिन्यातून दोनदा सगळे स्वयंसेवक लहान गटांत बसतात. प्रत्येकाने आपली भेट कशी चालली आहे ते सांगायचं, पण समोरच्याचं नाव, हुद्दा, ओळख पटेल असा तपशील काही सांगायचा नाही. गट त्या दुःखी माणसाची चर्चा करत नाही. गट चर्चा करतो ऐकणाऱ्याची. तुला गेल्या भेटीत राग का आला? तू दोन तास का थांबलास? तो तुझ्यावर अवलंबून राहायला लागलाय का, आणि तुला ते आवडायला लागलंय का? हे प्रश्न विचारणारे कुणी तज्ज्ञ नसतात, तेही आपापल्या माणसाकडे जाणारेच. साधी माणसं साधारण दोन वर्षांची बांधिलकी पत्करतात आणि ती निभावतात, याचं श्रेय मी प्रशिक्षणाइतकंच या बैठकांना देतो. उत्साहाच्या भरात सुरू झालेल्या भेटीगाठी सहाव्या महिन्यात का विरतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाला विचारावं.

शिकाऊ माणसाने नाजूक मनात हात घालावा का, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर एक उत्तर मर्यादेचं : गंभीर नैराश्य, व्यसन, घरातली मारहाण, आत्महत्येचा विचार अशा गोष्टी दिसल्या की योग्य तज्ज्ञाकडे कसं आणि कधी पाठवायचं हे अभ्यासक्रमातच आहे. नवरा-बायकोंमधला वाद सोडवायला तर स्टीफन मिनिस्टरला पाठवतच नाहीत. दुसरं उत्तर अनुभवाचं. लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये चॅड व्हारा या पाळकाने १९५३ मध्ये आत्महत्येच्या टोकाला आलेल्यांसाठी दूरध्वनी ठेवला. लोक भेटायला येऊ लागले, बाहेर रांग लागली, म्हणून चहा-कॉफी द्यायला काही स्वयंसेवक बसवले. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं की चहा देणाऱ्याशी बोलून झाल्यावर कितीतरी लोकांना आत यायची गरजच राहत नाही. त्यांनी १९५४ च्या सुरुवातीलाच काम स्वयंसेवकांच्या हाती दिलं. तीच पुढे समॅरिटन्स संस्था झाली. चर्चच्या नावातही स्तेफनच. अमेरिकेत १९७९ मध्ये जोसेफ डर्लॅक यांनी ४२ अभ्यासांची तुलना करून दाखवलं की प्रशिक्षित अव्यावसायिक मदतनिसांचे परिणाम व्यावसायिकांच्या तोडीचे निघतात. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. तिथल्या ‘संगाथ’ संस्थेच्या प्रयोगात डॉक्टरी शिक्षण नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांमुळे सरकारी आरोग्यकेंद्रांतल्या नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना फायदा झाला. तो अहवाल २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ते धर्मनिरपेक्ष आरोग्यकार्य होतं आणि उपचारच होते, स्टीफन मिनिस्टर उपचार करत नाही. पण सामान्य माणूस शिकू शकतो, एवढं दोन्हीकडे दिसतं.

मराठी मंडळ्यांना घरोघर जाणारी सेवा नवी नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी ‘बायबल वुमन’ तयार केल्या. या शिकलेल्या बायका गावोगाव, घरोघर जात, बायकांशी बोलत, वाचून दाखवत. त्यांचा मुख्य हेतू शुभवर्तमान सांगण्याचा होता, म्हणजे बोलण्याचा. तरी ज्या काळात पुरुष पाळकाला माजघरात पाऊल टाकता येत नव्हतं, त्या काळात तिथलं दुःख ऐकलं असेल तर त्यांनीच. आजही भगिनी मंडळं आजाऱ्याला भेटायला जातात, कॉटेज प्रार्थना होतात. पण हे सगळं गटाने होतं. दहा जणी खोलीत असताना कुठली बाई म्हणेल की मला नवऱ्याच्या जाण्याने सुटल्यासारखं वाटतंय आणि त्याचीच लाज वाटतेय? असलं वाक्य बाहेर यायला समोर एकच माणूस लागतो, तोही गावात बोलणार नाही याची खात्री असलेला. आपल्याकडे एका पाळकाकडे कधी कधी अनेक गावांच्या मंडळ्या असतात, आणि गावात कुणाच्या दारात कुणाची चप्पल आहे हे सगळ्यांना दिसतं. तेव्हा अमेरिकेतली गुप्तता जशीच्या तशी इथे उतरणार नाही. शेजारच्या मंडळीतून माणूस पाठवावा लागेल, भेट घराऐवजी चर्चच्या खोलीत ठेवावी लागेल. पुरुषांसाठी तर ही गरज मला अधिक वाटते. विधवेच्या आसपास निदान बहिणी-जावा असतात. विधुराला लोक चहा पाजून राजकारणावर बोलतात.

शोकाच्या काळासाठी हॉक यांनी चार लहान पुस्तिका लिहिल्या आहेत. मंडळीने त्या मृताच्या घरी एकेक करून पाठवायच्या : पहिली मृत्यूनंतर तिसऱ्या आठवड्यात, दुसरी तिसऱ्या महिन्यात, तिसरी सहाव्या महिन्यात आणि चौथी अकराव्या महिन्यात. हे अकराव्या महिन्याचं गणित मला फार आवडतं. वर्षश्राद्ध म्हणा की पहिली पुण्यतिथी, तो दिवस जवळ येतो तसं सावरलेलं माणूस पुन्हा ढासळतं आणि आजूबाजूच्यांना कारण कळत नाही. पुस्तिका महिनाभर आधी जाते.

आणि भेटी कधीतरी थांबतात. त्या कशा थांबवाव्यात यालाही अभ्यासक्रमात वेगळा पाठ आहे. गृहस्थ हळूहळू जेवायला बाहेर पडू लागतो, बायकोचे कपडे कुणाला तरी देऊन टाकतो, तासभराच्या भेटीत पाऊण तास भविष्याचं बोलतो. मग स्टीफन मिनिस्टर एकदम निघून जात नाही. तो गटात विषय काढतो, आपल्या माणसाशी उघडपणे बोलतो, दोन-तीन भेटी आधी शेवटची तारीख दोघं मिळून ठरवतात. शेवटच्या भेटीत कुठून कुठवर आलो याची उजळणी होते आणि निरोपाचं दुःख दोघांनाही बोलून दाखवता येतं. काही महिन्यांनी त्या सावरलेल्या माणसांपैकी काही जण स्वतःच ५० तासांच्या वर्गाला नाव नोंदवतात. स्वयंसेवक थोडी विश्रांती घेतो आणि पाळक त्याला पुढच्या घरी पाठवतात.